रामाजीकाकांची शेवटची प्रत

बावीस वर्षं झाली, मी आदिलाबादेत कॉम्प्युटर दुरुस्त करतो. माझं तोंड फटकळ आहे हे गिऱ्हाइकांना माहीत आहे, तरी ती येतात, कारण बंद पडलेलं मशीन मी चालू करून देतो. स्क्रीनवर इशारा येतो, लोक तो न वाचताच बंद करतात आणि महिन्याभराने माझ्या नावाने बोंब मारतात. असल्या लोकांवर मी आयुष्यभर खेकसत आलो. रामाजीकाकांची गोष्ट मात्र मी कुणाला सांगत नव्हतो. तिच्यात खेकसून घ्यायची पाळी माझी आहे.

रामाजीकाका तामसीकडच्या एका खेड्यातले, वय चौऱ्याहत्तर. तहसील कचेरीत शिपाई म्हणून लागले आणि कारकून होऊन निवृत्त झाले. नोकरी लागली तेव्हा कचेरीत एक म्हातारे पेशकार, म्हणजे साहेबापुढे कागद मांडणारे कारकून, होते. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी या नव्या शिपायाला उर्दू शिकवली. छापील उर्दू वाचणारे आमच्याकडे गल्लोगल्ली सापडतील. पण निजामाच्या काळातल्या पटवाऱ्याने घाईघाईत, नुक्ते म्हणजे अक्षरांचे ठिपके गाळून खरडलेलं वाचणारा त्या भागात एकच माणूस उरला होता.

निवृत्तीनंतर काकांनी एक काम अंगावर घेतलं. त्यांच्या समाजातल्या घरोघरच्या लोखंडी पेट्यांत जुने उर्दू कागद पडून होते. कुणाला वाचता येत नव्हते आणि फेकवतही नव्हते. काका ते आणायचे, वाचायचे, कॉम्प्युटरवर मराठीत उतरवायचे आणि परत नेऊन द्यायचे. कुणाच्या आज्याचं नाव कोणत्या गावच्या पहाणीत, म्हणजे शेतीच्या नोंदवहीत आहे, निजामाच्या महसुली हिशेबातल्या कोणत्या फसली सालात, कोणत्या सर्वे नंबरावर. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबलेल्या घरांकडे आपल्या मुक्कामाचा दुसरा पुरावा कुठून असणार? पोरांच्या जातीच्या दाखल्यासाठी गाव, साल आणि नंबर सांगता आला की कचेरीच्या दप्तरातून नक्कल निघते. नाही आला तर त्या ढिगाऱ्यात कोण शोधणार? एकूण तीनशे चाळीस घरं, सगळी एकाच फाईलमध्ये. कागदाचं चित्रही स्कॅनरवरून त्याच फाईलमध्ये चिकटवलेलं. त्यांतले निम्मे कागद नंतर पेट्यांमध्येच वाळवीने खाल्ले.

कॉम्प्युटर मुलाने, हर्षदीपने, दिलेला होता, तोही पंधरा वर्षांपूर्वी. मुलगा हैदराबादला, मशीन गावात. काका आणि रुक्माबाई काकूंच्या घरात ते लाकडी स्टुलावर असायचं, वर काकूंनी शिवलेलं फुलाफुलांचं झाकण.

काकांची एक सवय होती. रोजचं काम संपलं की ते फाईल जुन्या नावाने ठेवायचे नाहीत. त्या दिवसाची तारीख घालून नवी प्रत करायचे. कालची तशीच राहायची, परवाचीही. कचेरीत लिहिलेलं कुणी पुसत नाही, चुकलं तर तांबडी रेघ मारून बाजूला लिहितात. काकांनी तोच कायदा कॉम्प्युटरला लावला होता.

त्यात त्यांना काचबिंदू झाला. हा रोग नजर कडेकडेने खात येतो. काकांना समोरचं अक्षर दिसायचं, चांगलं ठळक दिसायचं, पण बाजूचं सगळं गेलेलं. आणि जुन्या विंडोजचा मेमरीचा इशारा कुठे येतो? उजवीकडे, खालच्या कोपऱ्यात. वर्षभर तो फुगा तिथे येत होता आणि समोर बसलेल्या माणसाला दिसत नव्हता. दिसायचा तो काकूंना, पण त्यांना वाचता येत नव्हतं.

जूनमध्ये काकूंनीच मला फोन केला.

"बाबू, त्या टीव्हीच्या कोपऱ्यात पिवळं काहीतरी येऊन राह्यलं. आधी आठ दिवसानं यायचं, आता घडीघडी येते. हे म्हणतात काहीच नाही. मले भेव वाटते."

मी दुपारच्या बसने गेलो. काकांनी जयभीम केला, काकूंनी चहा ठेवला. मशीन सुरू व्हायला चौदा मिनिटं लागली. फाईल उघडायला घेतली आणि कोपऱ्यात फुगा आला. व्हर्च्युअल मेमरी कमी आहे.

"मंजे काय?" काकांनी विचारलं.

मी समजावलं. ओट्यावर जागा उरली नाही की बाई चार पातेली खाली जमिनीवर ठेवते आणि लागेल तसं उचलते. मशीनचंही तसंच. आतली मेमरी भरली की ते थोडं काम डिस्कवर ठेवतं. तीच व्हर्च्युअल मेमरी. पण इथे जमिनीवरही पाय ठेवायला जागा नव्हती. डिस्कवर उरले होते जेमतेम एक एमबी. बाकी सगळ्या जागेवर एकच नाव आणि त्यापुढे तारखा. मोजल्या तर अकराशेवर प्रती निघाल्या.

मी हसलो. आता आठवलं की त्या हसण्याचीच लाज वाटते.

"काका, हे काय हो? एकाच पुस्तकाच्या हजार प्रती! शेवटली ठेवा, बाकी सगळ्या काढून टाकू. जागा होते, मग मेमरी वाढवून देतो."

काका हात मांडीवर ठेवून बसले. "पुसायचं नसते, बाबू. कोणती खरी हाय हे आज कोन सांगते?"

"शेवटली खरी. तिच्यात सगळ्याच मागच्या आल्या ना?"

"आल्या त पायजेत. मंग तेवढी उघडून पाहा ना. मले आजकाल ते सेव करताना मधात काहीतरी विचारून राह्यते. मी ठीक म्हणतो अन् पुढं जातो."

हे वाक्य ऐकून कुठलाही शहाणा मेकॅनिक हातातलं काम थांबवतो. मीही ते ऐकलं. पण फाईल उघडायला वीस मिनिटं गेली असती, अकराशे प्रती उतरवून घ्यायला दोन तास, आणि पाचची बस गेली की तामसीच्या फाट्यावर उभं राहावं लागतं. पेनड्राइव्ह पिशवीतच होता. मी पिशवीला हातसुद्धा लावला नाही.

"काही होत नाही काका. तारीख दिसून राह्यली ना, कालचीच हाय."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्या नजरेत माझा चेहरा मावत असेल, खांदेसुद्धा नसतील. "तुमी शिकलेले लोक," ते म्हणाले, "तुमी म्हणता त आसंल." एरवी ते मला तू म्हणत.

मी तारखेप्रमाणे यादी लावली, वरची एक सोडली आणि खालच्या सगळ्या निवडून काढून टाकल्या. कचरापेटी रिकामी केली. सेटिंगमध्ये जाऊन व्हर्च्युअल मेमरीला दीड जीबी नेमून दिले, कमीत कमी आणि जास्तीत जास्त आकडा सारखाच. मग डिस्क नीट लावून घेणारा प्रोग्रॅम चालवला, विखुरलेलं सगळं एकापुढे एक बसलं. मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं, तर चार मिनिटांत उभं. काम पुस्तकात लिहावं इतकं स्वच्छ झालं होतं.

"गेलं का ते पिवळं?" काकूंनी विचारलं.

"गेलं," मी म्हणालो आणि बस गाठली.

पाच दिवसांनी फोन आला, या वेळी काकांचा. आवाज अगदी शांत होता. "बाबू, माह्या डोळ्याचं वाढलं वाटते. बाराव्या पानापासून दिसतच नाही. तू येऊन वाचून देतं का?"

दुकानाचं शटर अर्धं ओढून मी निघालो. वाटभर मनाला सांगत होतो, म्हाताऱ्याचे डोळेच असतील. एखाद्याचे डोळे जावेत अशी आशा करत मी त्या बसमध्ये बसलो होतो. यापेक्षा नीच काय असतं ते मला माहीत नाही.

घरी एक बाई बसल्या होत्या. सुवर्णा नाव, शेजारच्या गावच्या. मुलीच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी दाखला हवा होता आणि सोमवार शेवटचा दिवस. काकांनी त्यांच्या आज्याचा कागद चार वर्षांपूर्वी उतरवला होता. घरचा मूळ कागद पाण्यात गेला होता.

मी फाईल उघडली. आता ती झटकन उघडली, मेमरी भरपूर होती. अकरा पानं नीट. बाराव्यापासून नुसते चौकोन, रिकामे, ओळीने, शेवटपर्यंत. मी तिचा आकार पाहिला. पहिल्याच दिवशी, एका नजरेत पाहता आला असता. जिथे चाळीस एमबी हवेत तिथे दोनही नव्हते. नवी नोंद काका वरच्या पानांवरच घालत, म्हणून मागे काय झालं ते त्यांना कळलं नव्हतं. डिस्क भरल्यापासून ते रोज अर्धीमुर्धी प्रत ठेवत होते, आणि सगळं मावलेल्या प्रती त्याच्या मागच्या होत्या. मी काढल्या त्या.

सोबत आणलेलं पुसलेल्या फाईली शोधायचं सॉफ्टवेअर लावलं. दोन तासांत त्याने चार-पाच तुटक्या ओळी आणि एका कागदाचा कोपरा काढला. मिळणार कसं? मी नेमून दिलेले दीड जीबी त्या प्रतींच्या जागेवरच जाऊन बसले होते. उरलेल्या जागेवर त्या प्रोग्रॅमने सगळं सरकवून सरकवून नांगर फिरवला होता. घाण काम केलं असतं तर काहीतरी वाचलं असतं.

"वाच ना," काका म्हणाले. "गप काऊन बसला?"

"काका," मी म्हणालो, "तुमचे डोळे ठीक हायेत. इथं काहीच नाही."

काकूंनी तोंडाला पदर लावला. काकांनी सुवर्णाबाईंच्या दिशेने मान वळवली, पूर्ण वळवली, तेव्हा त्या त्यांना दिसल्या.

"माय, तुह्या आज्याचं नाव मले पाठ हाय. गावबी सांगतो. पण साल अन् नंबर..." त्यांचे ओठ थोडा वेळ नुसते हलत राहिले. "नाही. नाही सांगता येत."

"अंदाजानं सांगा ना काका," सुवर्णाबाई म्हणाल्या. "कायबी लिवा. पोरीचं वर्स जाते."

"अंदाजानं लिवलेलं मी कदी कोनाले देल्लं नाही. उद्या कागद निघाला नाही त पोरगी खोटी पडंल."

"मंग आमी कोनाकडं जावं?"

सुवर्णाबाईंनी पिशवी उचलली. दाराशी जाऊन थांबल्या आणि मघापासून पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, फक्त माहिती करून घ्यावी तसं.

"भाऊ, हे दुरुस्त तुमीच केलं का?"

"हो," मी म्हणालो.