टेकाडावरची पलटण

आमच्या गावच्या टेकाडावर फौजी माणसांना पुरायची जागा आहे. गाव नावडे आणि कळंबोलीच्या मधलं. आता चहूकडून बिल्डिंगी उठल्या, त्यामुळे रस्त्यावरून टेकाड दिसत नाही. मी शाळा चौथीत सोडली. लिहिण्यात चुका होतील, पण या जागेची माहिती माझ्याइतकी कोणाला नाही, हे मी कोणाच्याही तोंडावर सांगेन.

आमच्या लोकांची पुरायची जुनी जागा खाडीच्या काठाला होती. मोठी भरती आली की पाणी आत शिरायचं. गावच्या स्मशानात आम्हाला पाय ठेवू देत नसत. माझ्या आज्याच्या वेळेला आमच्या आळीतला एक माणूस इंग्रजांच्या लढाईतून परत आला. पलटणीत खेचरं हाकायचा. मरताना बजावून गेला, "मी पलटणीचा माणूस. मला चिखलात टाकू नका." लोकांनी त्याला टेकाडावर नेलं. तिथून पुढे जो जो फौजेतून पेन्शन घेऊन आला, तो तिथेच जाऊन निजला. धर्म बदलल्यावर आमच्याकडे बाकीचे लोक जाळायला लागले. पेन्शनर मात्र हटले नाहीत.

दगडांवर नावं नाहीत. आमच्या पाथरवटाला अक्षर येत नव्हतं आणि वाचणाराही कोणी नव्हता. म्हणून ज्याचं जे काम, ते त्यानं दगडावर कोरलं. खेचरवाल्यावर खेचर आहे, जरा गाढवासारखं झालंय. एकावर बिगुल, हजामाच्या दगडावर कातरी. सुभेदाराचं काय कोरायचं ते पाथरवटाला सुचेना, तेव्हा त्यानं नुसत्या मिशा काढल्या. अजून कोणीही बघून ओळखतो.

कायदा साधा. रांग एकच. जो आधी गेला तो आधी, पुढचा त्याच्या डाव्या हाताला. हुद्दा बघायचा नाही. पाऊस सरला की आम्ही सगळे पेन्शनर वर जायचो, गवत काढायचो, दगडांना वरून चुना आणि खालून गेरू लावायचो, छावणीत झाडांना लावतात तसा. मग मी दोरी ताणायचो. एखादा दगड पावसानं पुढे कलला असेल तर "दाहिने सज!" असा रांग सरळ करायचा हुकूम ओरडायचो आणि पहारीनं मागे घ्यायचो. लोक हसायचे. हसू दे.

नव्या शहरासाठी जमिनी गेल्या तेव्हा मोजणीवाले टेकाडावरही आले. ट्रकांचा रस्ता नेमका रांगेवरून जाणार होता. मी तेव्हा तळोज्याला एका कारखान्यावर वॉचमन होतो. ड्यूटी सोडून वर गेलो आणि दगडांच्या पुढे उभा राहिलो.

इंजिनियर पोरगेलासा होता, बोलायला चांगला. म्हणाला, "काका, नकाशात इथे काहीच दाखवलेलं नाही."

"नकाशावाला इथे आला नसेल," मी म्हणालो. "तुम्ही आलात ना? मग दाखवा."

तो दिवस त्यांनी काम बंद ठेवलं. मग ऑफिसच्या फेऱ्या झाल्या, साहेब बदलले, मी बदललो नाही. शेवटी रस्ता वळवला. रांगेच्या डाव्या टोकाला लोखंडी खुंटी ठोकली आणि सांगितलं, खुंटीच्या पलीकडे खड्डा करायचा नाही. आम्ही पेढे वाटले. पेढे खाऊन झाल्यावर लक्षात आलं, शेवटचा दगड आणि खुंटी यांच्या मधे एकाच माणसाची जागा उरली होती.

आमच्यात सगळ्यांत म्हातारे दोघे. एक मी, आणि एक लंगरी. लंगरी म्हणजे पलटणीचा आचारी. आम्ही एका आळीतले, एकाच दिवशी भरती झालो. मी हवालदार होऊन परत आलो, तो चुलीपुढे राहिला आणि दमा घेऊन आला. खुंटी बघून तो खोकत खोकत हसला.

"हवालदार, आता आपली शर्यत. जो आधी मरंल, त्याची जागा."

"तू घाई करू नकोस. मी वयानं मोठा, हुद्द्यानं मोठा. जागा माझी."

"हुद्दा वर चालत न्हाय, तुमीच सांगता ना? हजामाच्या बगलंत सुभेदार निजलाय."

"मग तू मरूनच दाखव."

"दाखवतो. पन आधी च्या पाजा."

असं बरीच वर्षं चाललं. रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर चहा आणि हे भांडण. माझी बायको कप आणताना म्हणायची, "दोगं आधी कप तरी रिकामे करा, मग मरा."

मग एका थंडीत त्याच्या दम्यानं जोर धरला. ओट्यावर यायचा तो बंद झाला, म्हणून मी त्याच्याकडे जायला लागलो. एका दुपारी त्यानं माझा हात धरला.

"हवालदार, ती जागा तुमची हाय. पोरांना सांगून ठेवलंय, मला जाळा."

मला राग आला. एवढी वर्षं भांडला आणि आता मुकाट्यानं देऊन टाकतो? मी म्हणालो, "तुला कोणी विचारलं? ऑर्डर मी देतो."

"या वक्ताला तरी माजं ऐका."

"नाही ऐकणार."

तो हसला, आणि त्या हसण्यानंच त्याला खोकला आला. दोन-तीन दिवसांत तो गेला. मी पोचलो तेव्हा पोरांनी लाकडं आणून टाकली होती. मी म्हणालो, "लाकडं उचला. बाप तुमचा असेल, पण माणूस पलटणीचा आहे." त्याच्या बायकोनं माझ्याकडे बघितलं आणि पोरांना मान हलवून खूण केली. त्रिशरण-पंचशील झालं, आम्ही त्याला वर नेलं. दगडावर पळी कोरली. मी दोरी लावून दगड सरळ केला. खुंटीपर्यंतची जागा भरली.

घरी येऊन मी जेवलो नाही. बायकोनं विचारलं, काय झालं? मी म्हणालो, "होणार काय? आता मला जाळा. राख खाडीत टाका, भरतीला जाईल."

"आन वर का न्हाय?"

"जागा कुठाय?"

"रांगंच्या मागं एवढं रान मोकळं पडलंय. तिथं काय शेळ्यांना पेन्शन मिळतं?"

खरं सांगतो, मागे जागा आहे हे आम्हा कोणाच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मोजणीवाल्यांशी एवढे भांडलो, खुंटी बघून एवढी डोकी फोडली, पण मागे वळून कोणी बघितलं नाही. आमच्यातला कोणीही दुसऱ्याच्या मागे उभा राहायला तयार नव्हता, मग मागे निजायचं कसं सुचणार? मी बायकोला म्हणालो, "हवालदारानं दुसऱ्या रांगेत जायचं? तेही लंगऱ्याच्या मागे?"

"मग जळा," ती म्हणाली आणि ताट उचलून घेऊन गेली.

काही दिवस मी टेकाडाकडे फिरकलो नाही. मग एकदा बाजारातून परत येताना पाय आपोआप वर वळले. त्याच्या दगडाच्या मागे जाऊन उभा राहिलो, ड्रिलमध्ये मागचा माणूस पुढच्यामागे धरतो तेवढ्या अंतरावर. समोर दगडाची चुना लावलेली कोरी पाठ, त्याच्यापलीकडे ट्रकांची धूळ. मला पलटणीतली सकाळ आठवली. बर्फाच्या मुलखात हात गारठलेले, आणि हातात थाळी घेऊन मी उभा. तिथे सुभेदार असो की शिपाई, सगळे त्याच्यापुढे थाळी धरून उभे राहायचे, आणि तो मला एक पुरी जास्त टाकून तोंड दुसरीकडे फिरवायचा. ज्याच्या पुढे एवढी वर्षं थाळी धरली, त्याच्या मागे निजायला मला कसली लाज?

दुसऱ्या दिवशी पाथरवटाकडून एक कोरा दगड आणला आणि त्याच जागी रोवून ठेवला, कोणी बळकावू नये म्हणून. बायको म्हणाली, "झालं ना तुमच्या मनासारखं?" मी म्हणालो, "माझ्याच मनात होतं ते."

पुढच्या सकाळी एक पेन्शनर दारात हजर. वयानं माझ्याहून बराच लहान, पलटणीत ड्रायव्हर होता. माझे दात घासून व्हायचीही वाट बघितली नाही.

"हवालदारसाहेब, डावीकडे खुंटी, म्हणून तुमच्या उजव्या हाताची जागा माझी. आधीच सांगून ठेवतो."

"आधी मर," मी म्हणालो, "मग बघू."

बायकोनं आतून विचारलं, "च्या दोन कप टाकू का?"