सोयरीक मोडली आहे, जेवायला या

माझ्या एकुलत्या एका नणंदेचं लग्न मी एका बोटाने मोडलं.

उजव्या हाताच्या पहिल्या बोटाने. ते बोट अजून जागेवर आहे, हे आमच्या घरच्यांचे उपकार.

झालं असं, की मीनाची, म्हणजे माझ्या त्या नणंदेची, सोयरीक आसेगावला ठरली. घर चांगलं, शेती चांगली, आणि मुलगा मीनाला मनापासून आवडलेला. (हे घरात फक्त मला माहीत होतं. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं.) मामाजी, म्हणजे माझे सासरे, इतके खूश झाले की त्यांनी इंझोरीच्या वावरात रोडग्यांची पंगत जाहीर केली. गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची झणझणीत भाजी, वरण आणि वरून तुपाची धार! आता आमंत्रणं द्यायची कशी, एवढाच प्रश्न उरला.

आमच्या कुटुंबाचा मोबाइलवर एक ग्रुप होता. पण मागच्या पंगतीत भाजी खारट कोणी केली, या चर्चेत एकेक जण तावातावाने ग्रुप सोडून गेला आणि आता त्यात एकटे मामाजीच उरलेत. रोज सकाळी ते स्वतःलाच सुप्रभात घालतात.

"घरोघर जाऊन सांगू," मामाजी म्हणाले. "आवतन तोंडानं द्या लागते."

"मामाजी, आता कोनी घरोघर जाते का?" मी म्हणाले. "मी ई-मेल करते ना!"

वाशीमच्या एका ऑफिसात मी कॉम्प्युटरवर बसते. त्यामुळे घरात मिक्सर बिघडला तरी मलाच हाक मारतात, आणि मीही मोठ्या ऐटीत जाते.

"हे ई-मेल म्हंजे काय असते वो?" आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी विचारलं.

"पत्रच असते, आत्याबाई. इकडे बटन दाबलं का तिकडे सगळ्यायले पोचते."

"अन् चुकलं तं?"

"चुकते कायले!"

हे मी हसून म्हणाले होते, हे लक्षात असू द्या.

मराठी मी इंग्रजी अक्षरांत टाइप करते. कॉम्प्युटर त्याचं मराठी करून देतो. मजकूर झोकात जमला. मग पत्ते. एकेक कुठे निवडत बसा? समोर 'सर्व निवडा' असं बटण होतं, ते दाबलं. त्या सर्वांत आमचे भाऊबंद होते, व्याही होते. तसेच दूधवाला, गॅसवाला, साडीवाला आणि मीनाच्या अक्कलदाढेचे डॉक्टरही होते, हे मला नंतर कळलं. मेल सुर्रकन गेला. मी हात झटकले आणि चहा टाकला.

चहाला उकळी यायच्या आत शंकरकाकांचा फोन.

"सूनबाई, वाचलं वो. लय वाईट झालं."

"वाईट? काका, आनंदाची गोष्ट हाये ना ही!"

काका दबक्या आवाजात म्हणाले, "धीराची हायेस पोरी. पन रोडगे ठेवले हे बरं केलं. आमी सारेच येतो."

काकांचं आता वय झालं, असं मी मनाशी म्हणाले. तेवढ्यात मेलवर उत्तरं यायला लागली. कमलमावशी, सगळ्यांना उद्देशून: "मी आधीच म्हनलं होतं, त्या पोराचे कान मोठे हायेत." लांबचे एक आप्पा, तेही सगळ्यांना उद्देशून: "आमचा राजू मोकळा हाये. वाशीमले प्लॉट हाये. विचार व्हावा." आणि गॅसवाल्याकडून आपोआप आलेलं उत्तर: "आपली तक्रार मिळाली. लवकरच निवारण केले जाईल."

तक्रार? मी घाईघाईने माझाच मेल उघडला आणि वाचला.

"कळविण्यास अत्यंत आनंद होतो की, आमची कन्या चि. सौ. कां. मीना हिची आसेगाव येथील सोयरीक मोडली आहे. हे सर्व आपल्याच आशीर्वादाने घडले. त्यानिमित्त रविवारी इंझोरीच्या वावरात रोडग्यांची पंगत ठेवली आहे. सहकुटुंब येऊन आनंदात भर घालावी."

मोडली! कीबोर्डावर जे आणि एम शेजारी-शेजारी राहतात. माझं बोट जोडलीच्या जे वर जायचं, ते शेजारच्या घरात शिरलं! चहा उतू जात होता, तो मला दिसत होता, पण हात हलेना.

"वहिनी," मीना मोबाइल हातात घेऊन दारात उभी. तिचा चेहरा पांढराफटक. "त्याचा फोन लागून नाई राह्यला. कधीपासून लावून राह्यली. काय केलं वो तुमी?"

आत्तापर्यंत हसण्यावारी नेता येईल असं मला वाटत होतं. तिचे डोळे भरलेले पाहिले आणि तो विचार सोडला. आसेगावचे व्याही मानाला फार जपणारे. त्यांनी हे वाचून खरंच मोडली तर?

आमचे हे आले, मेल वाचला आणि मटकन खाली बसले. "तू आनंदानं कळवलं! आशीर्वादानं मोडली म्हनते!"

"अहो, एका अक्षराची चूक हाये. आत्ता दुरुस्ती धाडते, पाहा."

मी दुरुस्ती लिहिली. ज तीनदा तपासला. बटण दाबलं. आणि पडद्यावर अक्षरं आली: "आजची पाठवण्याची मर्यादा संपली आहे. कृपया उद्या पुन्हा प्रयत्न करा."

एका दमात इतक्या लोकांना पत्र धाडणारी बाई म्हणजे लॉटरी लागल्याची थाप मारणारी टोळीच असणार, असा मशिनचा समज झाला होता. मोडायला मर्यादा नव्हती, जोडायला आली! मी पुन्हा दाबलं. मर्यादा. मशीन बंद करून चालू केलं. मर्यादा. शेवटी हात जोडले. तरीही मर्यादा!

"माह्या मेलवरून धाड," हे म्हणाले. यांचा मेल नवाकोरा, कधी वापरलेलाच नाही. मशिनचा यांच्यावर माझ्याहूनही कमी विश्वास! (इथे मात्र मला मशीन थोडं पटलं.) दोन-चार जणांना दुरुस्ती गेली आणि त्यालाही टाळं लागलं. त्या दोन-चार जणांनी आतला मजकूर उघडलाच नाही. वरचा विषय तेवढा वाचला: 'आमची चूक झाली'.

लगेच कमलमावशीचा फोन. "चूक तुमची होती, तं त्या बिचाऱ्या पोराले नावं कायले ठेवली वो?"

बाकीच्यांना फोन करावा तर एकाचाही लागेना. सगळे एकमेकांना आमचीच बातमी सांगण्यात गुंतलेले!

मामाजी उठले, आत गेले, रुमालात काहीतरी बांधून खिशात टाकलं आणि यांना म्हणाले, "गाडी काढ. आसेगावले जाऊ. सूनबाई, तू बी चाल. ज्यानं मोडली त्यानंच जोडावी."

आसेगावला पोचलो तेव्हा व्याही ओसरीवर बसले होते. डोळ्यांवर चष्मा, हातात मोबाइल, चेहरा गडगडायच्या बेतात. मामाजींनी हात जोडले. "इवाईबुवा, पोरीच्या हातून चूक झाली. सोयरीक मोडली नाई, जोडली."

"ते मले समजलं," व्याही म्हणाले. "सोयरीक मोडल्यावर कोनी रोडगे खाऊ घालते का? येवढी अक्कल हाये मले."

माझा जीव भांड्यात पडला. पण तो तिथे टिकला नाही.

"पन हे काय हाये?" त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. "कोनाकोनाले धाडलं त्याची नावं हायेत हे. पयलं नाव कोनाचं? अंबादास दूधवाला! अन् माह्यं, विश्वासरावाचं, कुठं हाये? पार बुडाशी! गॅसवाल्याच्या खाली, साडीवाल्याच्या खाली! मुलाच्या बापाचा हाच मान का?"

"ते इंग्रजी अक्षरायच्या क्रमानं लागते जी," मी पुटपुटले. "अंबादास ए, तुमी व्ही..."

"आमचा मान इंग्रजायनं ठरवायचा का? माह्यं नाव वर टाकून आत्ताच्या आत्ता नवं पत्र धाडा. मंगच या घरचा चहा भेटन."

"आज नाई जमत जी."

"काहून?"

"मर्यादा संपली."

व्याही ताडकन उठले. "काय? इतका येळ मर्यादा आमी पाळून राह्यलो, अन् संपली तुमची?"

"माह्यी नाई जी, मशिनची!" मी जवळजवळ किंचाळले. मीनाचं लग्न या वेळेला खरंच मोडत होतं, आणि कीबोर्ड माझ्या हातातही नव्हता.

मामाजींनी शांतपणे खिशातला रुमाल सोडला. त्यात हळद-कुंकू आणि अक्षता. त्यांनी व्याह्यांच्या कपाळाला टिळा लावला, हातावर अक्षता ठेवल्या. "इवाईबुवा, ते मशिनचं मशीन जाने. या पंगतीचं तोंडानं आवतन मी अजून कोनालेच देल्लं नाई. पयलं तुमाले."

व्याही अक्षतांकडे बघत राहिले. मग हळूच विचारलं, "दूधवाल्याले?"

"त्याले बी नाई."

"चहा टाका वो!" व्याही आत बघून ओरडले.

आतून चहाआधी मुलगाच बाहेर आला. तो दुपारपासून मीनाला फोन लावत होता आणि मीना त्याला! दोघांनाही समोरचा फोन व्यस्तच लागत होता. (कान खरंच थोडे मोठे आहेत. पण स्वभाव लाखात एक.)

उरलेल्या भाऊबंदांना दुरुस्ती कळवायचं काम माझ्याकडे आलं. तोंडाने. घरोघर. अक्षता घेऊन. प्रत्येक घरी मला बसवून घेत, पाणी देत आणि सोयरीक कशी मोडली ते पहिल्यापासून विचारत. संध्याकाळी मी पाय धरून बसले की आत्याबाई डोक्यावरून हात फिरवत म्हणायच्या, "संपली का मर्यादा? उद्या पुन्हा प्रयत्न कर."

पंगत जोरात झाली. सांत्वनाला आलेलेसुद्धा दोन-दोन रोडगे जास्त खाऊन गेले. अंबादास दूधवाला सगळ्यांच्या आधी हजर होता आणि दिवसभर त्याने एकट्याने तूप वाढलं. मामाजी त्याच्यावर इतके खूश झाले, की लग्नाची पत्रिका छापायला गेली तेव्हा खालच्या 'आपले नम्र' मध्ये त्याचंही नाव घातलं. ही नावं त्यांनी स्वतः लिहून दिली. मला कागदाला हात लावू दिला नाही.

पत्रिका आली तशी पहिली मी अंबादासलाच दिली. त्याने दुधाची कॅन खाली ठेवली, बोट लावून नावं वाचत वाचत शेवटपर्यंत आला, आणि खुलला.

"वहिनी, माह्यं नाव छापलं! पन माह्या बी खाली हे एक नाव हाये. कोन बिचारं हाये हे?"

"मीच," मी म्हणाले.