पाठीला सांगायच्या गोष्टी

"माझ्या पाठीला सांग," असं सिस्टर म्हणायच्या आणि मान न वळवता चालत राहायच्या. त्या पाठीला मी काय सांगितलं ते पुढे येईलच. पण एक गोष्ट मी त्या पाठीलाही सांगितली नाही, बायकोला नाही, कुणालाच नाही. ती आधी सांगून टाकतो. माझी नोकरी गेली आणि घरी खोटं बोलून मी दिवस दिवस पाटाच्या वाटेवर काढले, तेव्हा मी मजेत होतो. लाज वाटायची, अन्न गोड लागायचं नाही, हे खरं. पण सकाळी त्या वाटेवर पाऊल पडलं की मला बरं वाटायचं, हेही तेवढंच खरं.

नंदुरबारची पाटाची वाट तुम्ही पाहिली नसेल. कोरडा पडलेला जुना पाट बुजवून वर पेव्हर ब्लॉक बसवले, बाक टाकले, व्यायामाची लोखंडी यंत्रं रोवली आणि 'जॉगिंग ट्रॅक' असा फलक लावला. एक टोक स्टँडच्या मागे, दुसरं मिरचीच्या पथाऱ्यांपाशी. पथारी म्हणजे लाल मिरची वाळत घालायचं उघडं मैदान. हंगामात ते टोक लांबून पाहिलं तर जमिनीवर कुणी लुगडी अंथरलीत असं वाटतं.

गावानं फलक वाचला आणि ज्यानं त्यानं आपलं काम सुरू केलं. पहाटे शुगरवाले हात झाडत चालतात. ऊन वर आलं की यंत्रांवर गोधड्या वाळतात, ब्लॉकवर पापड. स्कूटी शिकणाऱ्या बाया, त्यांच्या मागे धावणारे नवरे. दुपारी नमाजानंतर म्हातारे बाकावर येऊन कॅरम मांडतात. फलकाच्या खांबाला शेळ्या पाठ घासतात. पळत जाणारा माणूस एखादाच, आणि त्याच्याकडेही लोक 'काय झालं?' अशा नजरेनं बघतात.

या सगळ्यात सिस्टर दिवसातून दोनदा चालायच्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, ठेंगण्या, काटक. पांढरी साडी सुटली होती, पांढरे कॅनव्हासचे बूट सुटले नव्हते. माहेर अक्कलकुव्याच्या वर, सातपुड्यातल्या एका पाड्यावर. लग्न केलेलं नव्हतं. दवाखान्यात मराठी, बाजारात अहिराणी, आणि पायात काटा रुतला तर भिली, अशी त्यांची वाटणी होती. त्यांचं नाव फार कमी लोकांना ठाऊक असेल. मीही ते इथे लिहीत नाही, सिस्टर म्हटलं की पुरतं.

गावातली निम्मी बाळंतपणं त्यांच्या हातची. त्यामुळे त्यांना कुणाचंही वय मान्य नव्हतं. एकदा कापडाचे मोठे शेठ वाटेच्या मधोमध उभे राहून फोनवर भाव ठरवत होते. सिस्टरांनी मागून त्यांच्या पाठीत धपाटा घातला.

"सरक ना रे पोऱ्या. तवय बी आडवाच उन्था तू."

शेठ जन्मताना आडवे आले होते, हे त्या दिवशी सगळ्या वाटेला कळलं. शेठ हसले आणि बाजूला झाले. काय करणार?

कॅरमवाले एक चाचा होते, कुलपं दुरुस्त करणारे. त्यांनी चेष्टेत विचारलं, "सिस्टर, मुझे भी उल्टा पकडा था क्या?"

"तुमको नहीं, तुम मेरे से बडे हो. तुम्हारे चारों बच्चों को पकडा. एक भी वक्त पे नहीं रोया, सब तुम्हारे जैसे सुस्त."

चाचांचा स्ट्रायकर हातातच राहिला आणि बाक हसून हलला.

त्यांची चालायची एक रीत होती. गावातले लोक चौघं चौघं आडवे चालतात, मागच्याला वाट मिळत नाही. सिस्टरांबरोबर चालायचं तर एकामागे एक. डोंगरातली वाट एका पावलाची असते, शेजारी शेजारी चाललं तर एक जण दरीत. म्हणून तिकडची माणसं रुंद डांबरी रस्त्यावरही रांगेनंच चालतात, आणि पुढचा मागच्याशी मान न वळवता मोठ्यानं बोलतो. सिस्टरांनी इतकी वर्षं गावात काढली, पण पायांनी ही सवय सोडली नाही. त्या पुढे, आणि ज्याला बोलायचं असेल तो त्यांच्या मागे.

आता गंमत बघा. समोर बसून जे तोंडातून निघत नाही, ते पाठीमागे चालताना निघतं. रांगेतला दुसरा नंबर हळूहळू गावाची एक खास जागा होऊन बसला. शेठनी तिथे आपण चोरून जिलेबी खातो ते सांगितलं. एका शिक्षिकाबाईंनी सासूबद्दल जे सांगितलं ते तिसऱ्या नंबरवरच्या सासूनं ऐकलं, आणि त्या दोघी पुढे महिनाभर फार गोडीनं वागल्या. सिस्टर फक्त "हं" म्हणायच्या. माणूस थांबला की विचारायच्या, "झालं? मग चाल."

मी गावाबाहेरच्या एका जिनिंगमध्ये बसनं जाऊन काट्यावर कापसाची वजनं लिहायचो. तरुणपणापासून तेच काम. दिवाळीनंतर मालकांनी यंत्रं गुजरातेत हलवली आणि आमच्यापुढे हात जोडले. मी घरी आलो, जेवलो, आणि काही बोललो नाही. उद्या सांगू म्हटलं. उद्या उजाडला, बायकोनं नेहमीसारखा पहाटे उठून डबा केला, तो हातात दिला, आणि मी तो घेऊन बाहेर पडलो. पाय स्टँडकडे गेले, कारण त्यांना तेच ठाऊक होतं. स्टँडच्या मागे ही वाट होती.

सिस्टरांनी मला पहिल्याच दिवशी पाहिलं. "काय रे पोऱ्या, सुट्टी?"

"हो सिस्टर."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, डब्याकडे पाहिलं. "डबा घेऊन कुणी फिरायला येत नाही," त्या म्हणाल्या. "ये मागं. पाठीला सांग."

मी सांगितलं. पाण्याच्या टाकीपासून कॅरमच्या बाकापर्यंत सगळं बोलून झालं. "झालं?" त्यांनी विचारलं. बूट वाजत राहिले. शेवटी म्हणाल्या, "घर कवय सांगशी?"

"सांगतो."

"सांगतो, हाई माले नको सांगू. तिले सांग."

मी सांगितलं नाही. रोज सकाळी ठरवायचो आणि रोज डबा घेऊन निघायचो. सिस्टरांनी मला बसू दिलं नाही, कामाला लावलं. पापडवाल्या बायांना ऊन सरकलं की पापड उलटून द्यायचे. शिक्षिकाबाईंच्या स्कूटीमागे धावायचं, कारण त्यांच्या नवऱ्याचा दम संपला होता. कॅरममध्ये वाद झाला की पंच मी, कारण मी कुणाच्याच बाजूचा नव्हतो. इतकी वर्षं गाव मी बसच्या खिडकीतून पाहिलं होतं. आता ते माझ्या अंगावर येत होतं, हाका मारत होतं. शिक्षिकाबाई एके दिवशी आधाराशिवाय टाकीपर्यंत गेल्या आणि वळता न आल्यानं तशाच बाजारात निघून गेल्या, तेव्हा मी वाटेवर एकटा उभा राहून हसलो होतो. डबा मी चाचांच्या शेजारी बसून खायचो. मेथीची भाजी त्यांना आवडायची.

मग बायकोला शुगर निघाली.

"डॉक्टर म्हने, रोज चालानं," तिनं रात्रीची भाकरी थापता थापता सांगितलं. "तुमी डबा लिसन गयात का मंग मी पाटनी वाटवर जासू."

म्हणजे मी डबा घेऊन बाहेर पडायचो आणि मागोमाग ती तिथेच यायची. माझ्याच ऑफिसात, म्हणा ना.

सकाळी मी वाटेवर पोचलो आणि सरळ पथारीच्या टोकाला पळालो. चालणारे लोक तिथपर्यंत जात नाहीत. हंगामात त्या टोकाला हवा लाल असते, भल्याभल्यांना शिंका येतात आणि ते अलीकडूनच परततात. मी मिरचीच्या पोत्यांच्या थप्पीमागे बसलो. देठ खुडणाऱ्या बाया तोंडाला फडकी बांधून बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं, आणि खुडत राहिल्या.

पण सिस्टर तिथपर्यंत जाणाऱ्या एकट्या होत्या, हे मी घाबरून विसरलो होतो. आणि नवीन आलेल्या माणसाला त्या नेहमी टोकापर्यंत नेत.

बुटांचा आवाज आला. त्यामागे चपलांचा, तो मला चांगला ओळखीचा. मी नाक दाबून धरलं. जेवढं दाबलं तेवढी शिंक मोठी आली.

चपला थांबल्या. "सिस्टर," बायकोचा आवाज आला, "हाई शिंक मन्हा घरनी शे."

बाया फडक्याआडून हसल्या. मी डबा हातात घेऊन उभा राहिलो, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. ते मिरचीचं होतं की कशाचं, ते मला विचारू नका. बायको माझ्याकडे बघत होती.

सिस्टर चिडल्या नाहीत, हसल्याही नाहीत. बाळंतिणीच्या खोलीत देत असतील तशा त्यांनी सूचना दिल्या. "बाई, तू माझ्या मागं. आणि पोऱ्या, तू तिच्या मागं. तिच्या पाठीला सांग. चला."

रांग निघाली. पुढे पांढरे बूट, मग बायको, मग मी. तिच्या पाठीकडे बघत मी बोलायला लागलो. दिवाळीनंतरचं, मालकांचं, पहिल्या दिवसाच्या डब्याचं. ती वळली नाही. तिच्या मानेवरची शीर मात्र ताठ होत गेली. यंत्रांपाशी आल्यावर ती रांग सोडून लोखंडी सायकलवर जाऊन बसली आणि पायडल मारायला लागली. जागच्या जागी, जोरात, कुठेच न जाता. मी बाजूला उभा. सिस्टर थोड्या अंतरावर गोधड्यांकडे बघत उभ्या राहिल्या, जणू त्यांनाच त्या घडी करायच्या होत्या.

ती दमली तेव्हा थांबली.

"सकाय डबा नही," ती म्हणाली. "घर या, गरम जेवा."

मी मान हलवली.

"आन शिंकतांना रुमाल धरत जा."

पुढे ती माझ्याशी चार दिवस बोलली नाही, पण जेवण गरम होतं. पाचव्या दिवशी आम्ही दोघं वाटेवर गेलो, ती पुढे, मी मागे, आणि तिनंच विचारलं, "चाचाले मेथी आवडस ना? जास्त करी आनेल शे." नंतर देठ खुडणाऱ्या बायांनी पथारीवाल्या शेठकडे माझं नाव सांगितलं. 'शिंकणारे भाऊ' असं सांगितलं, पण काम मिळालं. आता मी मिरचीची वजनं लिहितो आणि रुमाल बांधून बसतो.

सिस्टरांचा गुडघा त्या हिवाळ्यात गेला. अक्कलकुव्याहून भावाचा मुलगा त्यांना न्यायला आला. निघायच्या सकाळी त्या बूट घालून वाटेवर आल्या, हळूहळू. मी दिसताच म्हणाल्या, "आज तू पुढं हो."

मी पुढे झालो. त्यांची पाठ समोर नाही आणि सगळी वाट मोकळी, हे मला फार विचित्र वाटलं. कॅरमचा बाक मागे पडला. पापडवाल्या बायांनी हात हलवला. मग पाठीमागून त्यांचा आवाज आला, नेहमीच्या निम्मा.

"पहिले एक पोर व्हती डोंगरातली. बाळंतीण. मन्हा हातखाल..."

मी वळलो. दुसरं काही सुचलंच नाही. मोठं माणूस बोलायला लागलं की त्याच्या तोंडाकडे बघावं, असंच आम्हाला शिकवलेलं. चांगुलपणानं वळलो हो, पण वळलो.

सिस्टर थांबल्या. कुणीतरी अचानक दिवा लावल्यावर माणूस बघतो तशा माझ्याकडे बघत राहिल्या. मग हसल्या, माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाल्या, "झालं. चाल."

वाटेवर लोक अजून पुष्कळदा रांगेनं चालतात. नव्यांना का ते ठाऊक नसतं. माझी बायको परवा एका नव्या सुनेला पुढे घालून हळू आवाजात काहीतरी समजावत होती. बघून मला बरं वाटलं.

सिस्टर डोंगरात आहेत. अक्कलकुव्यापर्यंत बस जाते, पुढे जीप, त्यापुढे पायी. येतो म्हणून कबूल करून मी अजून गेलेलो नाही. माझं सगळं त्यांनी ऐकून घेतलं. त्यांचं एक, एकच, त्यांना कुणाच्या तरी पाठीला सांगायचं होतं, ते मी ऐकलं नाही. त्यांच्या पुढे चालून, मागे न वळता, ते शेवटपर्यंत ऐकणं मी त्यांचं देणं लागतो.