तपासणीचा गणवेश

“काढ तो. तुझ्या बापानं शिवला व्हता का?”

काकू बोलल्या. काकू म्हणजे वारूळवाडीच्या द्राक्षबागेच्या मालकीणबाई. कंपनीची गाडी नुकतीच फाटकाबाहेर गेली होती. गणवेश माझ्या फ्रॉकवरूनच चढवला होता, तरी माझी बोटं बटणांवरून हलेनात. काकूंनीच तो ओढून काढला. सगळे गडी बघत होते. एक जण हसला. मी तेव्हा चौथीत असायला हवी होते.

आम्ही आणे पठारावरचे, मेंढरं राखणारे. मेंढरं गेली, तशी आई मला घेऊन द्राक्षांच्या मजुरीला खाली उतरली. घडातले बारीक मणी कात्रीनं काढायचे, मग मणी फुगायला घड औषधाच्या मगात बुडवायचे. पोरांची उंची मांडवाखाली बरोबर बसते, बोटं घडात शिरतात. मालक आईला म्हणायचे, “पोरीला आणणार असशील तरच ये.”

द्राक्षं परदेशी जायची. माल घेणाऱ्या कंपनीची माणसं, बागेत पोरं राबतात का ते तपासायला आली की मालक आम्हा पोरांना गणवेश चढवून विहिरीपाशी पाट्या घेऊन बसवत. शाळा सुटल्यावर आईची वाट बघणारी पोरं, असं सांगत.

त्या दिवशी कंपनीच्या बाईंनी मला विचारलं, “कितवीत आहेस?” मालकच म्हणाले, “लाजाळू हाय.” बाईंनी माझा फोटो काढला. मी हसले. मला खरंच आनंद झाला होता. वाटलं, गणवेश मिळाला, आता उद्यापासून शाळा. कोणी तसं म्हणालं नव्हतं. मीच समजून बसले.

घरी जाताना आई म्हणाली, “गप ऱ्हा बाई. काम गेलं तर खायाचं काय?” आईचा मला राग आला नाही. त्या बाईंचा आला, अजून येतो. औषधानं सालं निघालेली माझी बोटं त्यांच्यासमोर होती. त्यांनी फोटोत तोंड तेवढं घेतलं.

पुढं मामीनं ओतूरला ठेवून घेतलं म्हणून शिकले. आता त्याच कंपनीच्या तोडणीच्या टोळीवर मुकादम आहे. गेल्या हंगामात टोळी घेऊन त्याच बागेत गेले. तपासणी होती. मालकांचा मुलगा गठुडं घेऊन आला. “ताई, तुमी बायामाणूस. पोरांना एवढं घालून द्या राव.”

गठुडं सोडलं तर आत गणवेश, फवारणीच्या गंधकाचा वास येणारे. समोर एक पोरगी हात वर करून उभी होती, घालून घ्यायला. लई खुशीत. तिच्याही बोटांची सालं निघालेली.

मी गठुडं परत बांधलं. कंपनीचे साहेब आले तेव्हा पोरीचा तळवा त्यांच्यापुढं धरला. “साहेब, ही शाळेत जात नाही. ही इथं राबते. मीपण राबत होते.”

साहेबांनी लगेच फोन काढला. “या बागेचा माल आजपासून बंद.”

झालं. साहेबांच्या लेखी काम संपलं. पोरीची आई पुढं आली, “मंग आमी खायाचं काय?”

“बंद कशाला करता?” मी म्हणाले. “उद्या ही पोरगी शेजारच्या बागेत दिसंल. तिथनंबी तुमीच माल घेता. माल घ्या. पण मोठ्या माणसाची मजुरी परवडंल असा भाव द्या. हिच्या आईचं काम ऱ्हाऊ द्या. आन पोरगी शाळेत बसली का, ते न सांगता येऊन बघा.”

“तुम्ही कंपनीचा पगार घेता,” साहेब म्हणाले.

“म्हणून तर सांगतेय.”

वरून अजून उत्तर नाही. बागेचा माल बंद आहे. ती पोरगी खरंच शेजारच्या बागेत लागली, आईसोबत. मला तोडणीवरून काढून शेडमध्ये खोकी चिकटवायला बसवलंय. नोकरीही जाईल, मला कळतं.

गणवेशांचं गठुडं माझ्याकडे आहे. मालकांच्या मुलानं दोनदा निरोप पाठवला. दिलं नाही, देणारही नाही. पुढच्या तपासणीआधी कंपनीत जाऊन ते साहेबांच्या टेबलावर उघडणार आहे, त्या पोरीच्या आईला शेजारी उभी करून. मला आत घेतलं नाही, तर कंपनीच्या फाटकावर उघडीन. पण आता कुठल्याच पोरीच्या अंगावर ते चढू देणार नाही.