बशीतलं बिस्कीट

आमच्या फ्रिसलँडमध्ये, नेदरलँड्सच्या या उत्तर टोकाला, कुणालाही "कसं काय?" विचारा, उत्तर एकच, "तक्रार नाही." मग पाय मोडलेला असो नाहीतर गोठा जळालेला असो. माझा नवरा बाउके त्यातलाच. जन्मभर गायी पाळल्या, लाथा खाल्ल्या, पण तोंडातून कधी ब्र काढला नाही.

आम्ही दोघं शुश्रूषागृहात राहायला आलो तेव्हा डॉक्टर फक्त मंगळवारी यायचे. बाकीचे दिवस इत्शे. शेजारच्याच गावच्या गवळ्याची मुलगी. कितीतरी वर्षं तिने इथे म्हाताऱ्यांना अंघोळी घातल्या, आणि चाळिशी उलटल्यावर पुन्हा कॉलेजात जाऊन डॉक्टरांची कामं करता येणारी वरची नर्स झाली. आता ती छाती तपासायची, औषधं लिहून द्यायची, पुढचे उपचारही ठरवायची. बाउके पहिल्याच दिवशी तिला म्हणाला, "डॉक्टर परवडेना म्हणून नर्स पाठवली काय? त्यापेक्षा गुरांचा डॉक्टर बोलवायचा!"

"गुरांचं बरं असतं," इत्शे म्हणाली. "दुखलं की लाथ तरी मारतात. तुम्ही तेवढंही करत नाही."

तो खो खो हसला. त्या दिवसापासून इत्शे त्याला आपली वाटायला लागली.

"दुखतंय का?" असं ती कुणाला विचारायचीच नाही. सकाळी दहाच्या कॉफीला आमच्यात येऊन बसायची. कॉफीबरोबर प्रत्येकाला एक बिस्कीट मिळतं, एकच, आणि डबा लगेच बंद होतो. ते बिस्कीट कोण खातं, कोण बशीत तसंच ठेवतं, कप उचलताना कुणाला दुसरा हात लावावा लागतो, हे ती गप्पा मारता मारता बघायची. नव्या पोरींना म्हणायची, "यांच्या तोंडावर विश्वास ठेवू नका गं. अट्टल खोटारडी आहेत सगळी."

मार्चमध्ये बाउके न्हाणीघरात पडला आणि त्याचा खुबा मोडला. वयाची नव्वदी उलटलेली, हृदय थकलेलं, मलाही कधी कधी 'आई' म्हणायचा. आमचा मुलगा शूर्ड गाडी पिटाळत आला. "बाबांना आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलमध्ये न्या! ऑपरेशन करतील. इथे काय, एका नर्सच्या भरवशावर मरू द्यायचं?"

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. इत्शे मात्र चिडली नाही. तिने आधी बाउकेचं दुखणं थांबवणारं इंजेक्शन दिलं, डॉक्टरांशी फोनवर बोलली, मग आम्हा दोघांना समोर बसवलं.

"ऑपरेशनमध्येच ते जाऊ शकतात. वाचले तरी पुन्हा चालतील असं मला वाटत नाही. इथे राहिले तर थोडेच दिवस आहेत, पण दुखू देणार नाही, ते माझ्याकडे लागलं. शूर्ड, तुम्हाला काय हवं ते कळलं. बाबांना काय हवं असेल?"

शूर्ड माझ्याकडे बघायला लागला. नवऱ्याचं मरण मीच ठरवायचं?

"म्हातारी गाय बसली," मी कशीबशी म्हणाले, "की हा तिला खाटकाच्या गाडीत चढवू द्यायचा नाही. गोठ्यातच तिच्या डोक्याशी बसून राहायचा."

शूर्डने मान फिरवली. लहानपणी तोही बापाशेजारी तिथे बसला होता. "राहू दे इथेच," तो म्हणाला.

नंतर इत्शे सुट्टीच्या दिवशीसुद्धा आली. बाउकेच्या कपाळावरची आठी बघायची आणि त्याप्रमाणे औषध वाढवायची. शूर्ड बापाचा हात धरून बसून होता. रविवारी सकाळी चर्चची घंटा वाजत असताना बाउके गेला. कपाळावर एकही आठी नव्हती.

पूर्वी इथून मेलेल्याला मागच्या दाराने, कचऱ्याच्या डब्यांजवळून न्यायचे. इत्शेने भांडून ते बंद केलं. "पुढच्या दाराने आले, पुढच्याच दाराने जातील." बाउकेला नेताना सगळे दोन्ही बाजूंना उभे राहिले. ज्यांना उभं राहता येत नव्हतं त्यांच्या खुर्च्या ढकलत आणल्या. शूर्डने इत्शेचा हात हातात घेतला तो बराच वेळ सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी दहाला कॉफी आली. "कसं काय, टेर्पस्ट्राबाई?" ज्याने त्याने विचारलं. "तक्रार नाही," मी म्हणत राहिले. इत्शे समोर येऊन बसली. माझ्या बशीत तसंच राहिलेल्या बिस्किटाकडे तेवढं बघितलं.

"दुखतंय गं," मी म्हणाले. जन्मात पहिल्यांदा.

"हो," ती म्हणाली आणि खुर्ची जवळ ओढून माझी कॉफी गार होईपर्यंत बसून राहिली.