कापलेली वीस वर्षं

माणिकचंदशेठच्या टूरिंग टॉकीजमध्ये मशीन चालवणारा शेषराव तसा तोंडाचा मुका आणि हाताचा हुशार. जनरेटर रुसो, पडदा फाटो, फिल्म मधेच तुटून पब्लिक शिट्ट्यांनी तंबू डोक्यावर घेवो, याच्या कपाळावर आठी नाही. झोंबायची ती एकच गोष्ट. ऑपरेटरनं रिळं उलटसुलट लावली असं कोणी म्हटलं की त्याचा दिवस नासायचा. आणि शहात्तर सालच्या दिवाळीनंतर नेमकं हेच त्याला गावोगाव ऐकावं लागलं.

याला कारण एक सिनेमा. शेठनं अमरावतीहून एक जुनी प्रिंट कायमची विकत आणली होती. कुठल्याशा परदेशी चित्राला हिंदी आवाज चिकटवलेला. नाव हातभर लांब, ते कोणी घेत नसे. सगळे त्याला ‘राकेटवाला’ म्हणत. गोष्ट अशी की एक शास्त्रज्ञ बायकोला आणि तान्ह्या पोराला घरी ठेवून अग्निबाणात बसतो, एका दूरच्या ताऱ्याला वळसा घालून सात दिवसांत परत येतो. पण तेवढ्यात इकडे पृथ्वीवर वीस वर्षं सरून गेलेली. हा तसाच तरणाबांड, बायकोचे केस पांढरे आणि पोरगा बापाच्या बरोबरीचा. ती बाई त्याच्या गालावरून हात फिरवते आणि सिनेमा संपतो.

आता हे पहिल्याच गावाला, आसेगावच्या पब्लिकला, कसं पचावं? दुसऱ्या दिवशी सकाळी शेषराव हॉटेलात चहा प्यायला बसला तर तिथे कोर्टच भरलेलं. फिर्यादी होता रामधन नावाचा बैलांचा व्यापारी.

“काहो मशीनवाले, सात दिसाचं राशन घेऊन गेला थो मानूस. पडद्यावर आमी सात रोज मोजले. अन् बायको म्हातारी? तुमी मधातल्या रिळा खाल्ल्या, नाईतर दुसऱ्याच सिनेमाची बाई आनून जोडली.”

“रिळा बराबर होत्या,” शेषराव म्हणाला.

“मंग पोरगं सात दिसात मिशीवालं कसं झालं?”

कोपऱ्यात दौलतराव मास्तर पेपर वाचत होते. विज्ञान शिकवायचे, त्यामुळे त्यांना राहवलं नाही. “बाप्पा, तितक्या जोरानं मानूस गेला ना, का त्याचं घड्याळ हळू चालते. आपलं आपल्या चालीनं चालते. म्हनून त्याचे सात दिवस अन् आपले वीस वर्षं.”

मग रामधननं निकाल दिला. “म्हंजे त्याचं घड्याळ बिगडलं होतं. पन घड्याळ बिगडल्यानं बायकोचे केस कायले पांढरे होतीन?”

सगळे खो खो हसले. मास्तरांनी पेपर तोंडासमोर धरला. शेषरावचा चहा तसाच थंड झाला.

पुढच्या गावातही तेच. तिसऱ्या गावात पांढऱ्या केसांची बाई पडद्यावर आली आणि पब्लिकनं ‘रीळ बदल, रीळ बदल’ असा ओरडा केला. शेठ दिवस मावळायच्या आत जेवून घेणारा, शांत स्वभावाचा जैन माणूस. कोणावर आवाज चढवणं त्याला जमतच नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नुसता केबिनच्या दाराशी येऊन उभा राहिला. “शेषराव, प्रिंट आपली हाये. मालक आपुन. तू काहीतरी कर, पन या बाईले जवान ठेव.”

म्हणून मग शेषरावनं कात्री हातात घेतली. दुपारी तंबूची कनात तापून भट्टी व्हायची, पण उजेड हवा म्हणून तो तिथेच बसे. फिल्म डोळ्यासमोर धरून चौकट शोधायची, कापायची, ब्लेडनं कड खरवडायची, ब्रशनं फिल्म चिकटवायचं सिमेंट लावायचं आणि अंगठ्यानं दाबून वीस अंक मोजायचे. बाई फाटकाशी उभी राहते, ते कापलं. पोराला शाळेत सोडते, रेडिओला कान लावून बसते, कानाशी पहिला पांढरा केस दिसतो तेव्हा आरशासमोर थबकते, ते सगळं कापलं. मिशीवाला पोरगा गेला आणि गालावरचा हातही गेला.

पण मग शेवट काय करायचा? अग्निबाण उतरला, माणूस खाली आला, पुढे? दोन दिवस शेषरावला काही सुचेना. तिसऱ्या दिवशी त्याला पहिलं रीळ आठवलं. त्यात सुरुवातीला तो माणूस एका संध्याकाळी कचेरीतून घरी येतो, बायको दार उघडते आणि हसून म्हणते, “आज बडी जल्दी आ गए!” एवढा तुकडा त्यानं अलगद उचलला आणि शेवटाला जोडला.

आणि काय सांगावं! ताऱ्याला वळसा घालून आलेला माणूस दार वाजवतो, तरणी बायको दार उघडून म्हणते की आज लवकर आलात, यावर लोक वेडे झाले. टाळ्या काय, टोप्या काय. एका गावात एकानं हटकलं, का राकेटचे कपडे जाऊन अंगात कोट कुठून आला. तर बाजूच्यानंच त्याला दटावलं, “दफ्तरात बदलले असतीन ना बे!” कपड्यांची चूक लोकांनी स्वतःच सावरून घेतली. केसांची मात्र कोणी सावरून घेतली नव्हती.

शेषराव रोज केबिनच्या झरोक्यातून तो शेवट बघे. शेकडो सिनेमे त्याच्या हातून गेले होते आणि एकाचंही त्याला कौतुक नव्हतं. मशीन चालवणारा मशीनकडे बघतो, पडद्याकडे नाही. पण हे दार उघडलं की त्याची नजर मशीनवरून हटायची. कारण दारातली बाई त्याला परक्या देशाची वाटतच नसे. ती लिलाबाई वाटे.

लिलाबाई म्हणजे त्याची लग्नाची बायको. बुद्धवंदना घेऊन, बाबासाहेबांच्या फोटोसमोर हार घालून साधंसं लग्न झालेलं. पहिली वर्षं बरी गेली. तंबू दिवाळीपासून मृगापर्यंत फिरायचा आणि पावसाळ्याचे चार महिने शेषराव घरी असायचा. मग एका पावसाळ्यात शेठनं मशीन खोलायला कारंज्याला थांबवून घेतलं. पुढच्या वर्षी शेठनं थांबवलं नव्हतं, पण आता कोणत्या तोंडानं जावं म्हणून हाच थांबला. अशी वर्षांवर वर्षं चढली. लिलाबाईनं वाट पाहिली, मग अनसिंगला बापाकडे गेली, अकोल्याला जाऊन नर्सबाईचं ट्रेनिंग घेतलं आणि अनसिंगच्याच दवाखान्यात लागली. भांडण म्हणाल तर एक झालं नाही. मधे एकदा तो चार दिवस जाऊन आला. नंतरची पाच वर्षं नुसती पत्रं: इकडे सर्व ठीक, तिकडील कळविणे, येत्या पावसाळ्यात येतो. मोजलं तर नऊ वर्षं होत होती आणि शेषराव सहसा मोजत नसे.

पण आता तो रोज ते दार बघत होता आणि त्याला वाटायला लागलं होतं की आपलंही असंच होईल. जाऊन उभं राहायचं, ती दार उघडेल, हसेल. या पावसाळ्यापासून मी अनसिंगलाच राहतो, तंबू सोडतो, असं तिला सांगायचं. हे वाक्य त्यानं इतक्या वेळा मनात घोळवलं की दुसरं काही त्याला सुचेनासं झालं.

धुळवड झाली आणि तंबू पहिल्यांदाच अनसिंगला लागला. पहिल्याच सकाळी शेषराव नवा सदरा घालून दवाखान्यात गेला. लिलाबाई पांढऱ्या लुगड्यात, डोक्यावरून घट्ट पदर घेऊन कोणाचं तरी बाळ तोलत होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि काट्यावरचा आकडा वहीत लिहिला.

“जयभीम,” शेषराव म्हणाला. बायकोला कोणी असं म्हणतं का? पण दुसरं काही तोंडातून निघेना.

“जयभीम. केव्हा आले?”

“काल. राकेटवाला लागला हाये. येजो पाह्यले.”

“डुटी पाहून येईन.”

तिसऱ्या दिवशी ती आली. बायकांच्या बाजूला, खांबापाशी बसलेली त्याला झरोक्यातून दिसली. त्या दिवशी शेषरावनं पडद्याकडे अजिबात पाहिलं नाही. शेवट आला, दार उघडलं, तंबू टाळ्यांनी दणाणला. लिलाबाईनं टाळी वाजवली नाही. माणसं उठायच्या आत ती उठून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो तिच्या खोलीवर गेला. दार उघडंच होतं. तिनं पाणी दिलं, खाट सरकवून दिली आणि स्वतः उंबऱ्याशी बसली.

“कसा वाटला?” त्यानं विचारलं.

“कोनता? तुमचा का त्यायचा?”

शेषरावच्या हातातला पेला तसाच राहिला. “तुले कसं समजलं?”

“मी अख्खा पाह्यला हाये. अकोल्याले टरेनिंगले होती तवा. आमी साऱ्याजनी रडलो होतो.”

“म्हनूनच त म्या शेवट बदलवला. लोकायले रडाचं नोहोतं, लिले. त्यायले पटतच नोहोतं. सात दिसात बाई म्हातारी कशी होईन?”

“सात दिवस त्याचे होते. तिचे वीस वर्षंच होते.”

“मास्तर बी असंच म्हने.”

“यात मास्तर कायले लागते?” लिलाबाई चिडली नव्हती. पेशंटला दुखणं समजावून सांगावं तशी बोलत होती. “थे त्याच्या गालावरून हात फिरवते ना, तवा तिनं कसे दिवस काढले थे त्याले दिसते. तिचे केस पाहूनच दिसते. त्या दिवसायसाठी रडलो आमी. तुमी थेच काटून टाकलं. अन् वरून तिच्याच तोंडून म्हनवलं, का लवकर आले.”

आता मनात घोळवलेलं वाक्य सांगून टाकावं असं शेषरावनं ठरवलं. “लिले, या पावसाळ्यात मी...”

“तुमाले बी सातच दिवस वाटले असतीन,” ती म्हणाली. “या गावाहून त्या गावाले, राकेटात बसल्यावानी. काल गेलो अन् आज आलो.” आणि तिनं डोक्यावरचा पदर खाली सोडला.

दोन्ही कानांवरून मागे अंबाड्यापर्यंत पांढरे पट्टे गेले होते. वय चौतीस. शेषराव बघत राहिला. चौकटीमागून चौकट डोळ्यांखालून घालून कुठे काय बदललं ते बिनचूक सांगणारा हा माणूस, पण हे त्याला ठाऊक नव्हतं.

“हे बी काटून टाका मंग,” ती म्हणाली.

“केव्हापासून?” त्यानं विचारलं.

“तुमी शेवटचं येऊन गेले ना, त्याच्या दुसऱ्या सालापासून.”

“चिठ्ठीत लिवलं काहून नाई?”

“तुमी इचारलं काहून नाई?”

शेषरावला रडू आवरेना आणि त्यानं ते लपवलंही नाही. “सांग मले,” तो म्हणाला. “सारं सांग. पयल्या वर्षापासून सांग.”

लिलाबाईच्या डोळ्यांतही पाणी होतं. “नऊ वर्षाचं हाये. एका बैठकीत सांगून होत नाई थे.” मग तिनं पदर परत डोक्यावर घेतला आणि चपला पायात सरकवल्या. “चाला, डुटीची येळ झाली. तंबू उद्या पोहरादेवीले जाते ना?”

“जाते,” शेषराव म्हणाला. तिथली जत्रा जवळ आली होती, कुणीही विचारलं तर त्याच्या तोंडून हेच निघायचं. शब्द बाहेर पडला आणि मगच त्याला उमगलं की ती तंबूचं विचारत नव्हती, त्याचं विचारत होती. मी नाही जात, एवढंच त्याला म्हणायचं होतं. तोवर लिलाबाई पायरी उतरून दवाखान्याच्या वाटेला लागली होती.