पंचेचाळीस मिलिमीटर

मला बघायला मंडळी आली, तेव्हा माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी एकच प्रश्न विचारला. "उंची किती?"

"पाच फूट दोन."

त्यांनी क्षणभर डोळे मिटले. "एकशे सत्तावन्न पॉइंट चार आठ सेंटीमीटर. म्हणजे ओटा उंच करायला नको."

माझ्या वडिलांना हा माणूस फार सरळ वाटला. त्यांचं काय जात होतं? त्या घरात राहायचं मला होतं.

सासरे, म्हणजे आमचे बाबा, महाडकडून मुंबईला आलेले. तुर्भ्याच्या एका कारखान्यात सुटे भाग तपासण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाले आणि तिथले मिलिमीटर कोपरखैरण्याच्या घरी घेऊन आले. "फूट म्हणजे कुणाचा पाय? माझा की तुझा?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुणी इंच म्हटलं, की पंचवीस पॉइंट चारने गुणल्याशिवाय ते पुढे बोलत नसत. माझा नवरा संदीप अशा वेळी चपला घालून बाहेर सटकायचा. मी कुठे जाणार?

मग सासूबाईंना, म्हणजे आईंना, पक्षाघात झाला. डावी बाजू गेली, बोलणं जड झालं. डॉक्टरांनी व्हीलचेअर सांगितली आणि आमच्या बाथरूमच्या दारातून ती जाणं शक्य नव्हतं. आई हॉस्पिटलमधून यायच्या आत दार रुंद करायचं, फरशी बदलायची. "मी बघतो," बाबा म्हणाले. तिथून आमचं टेन्शन वाढलं.

टाइल्सवाला म्हणाला, "बावन्न रुपये स्क्वेअर फूट, काका."

"स्क्वेअर मीटरचा सांगा."

तो सांगेना. बाबांनीच गुणाकार केला, साडेपाचशेच्या वर आकडा आला आणि स्वतःच हबकले. "एवढी महाग?" मग खिशातली टेप काढून त्यांनी टाइल मोजली. "ही एक फुटाची नाही. तीनशे मिलिमीटरची आहे. फूट तीनशे चार पॉइंट आठचा असतो. सहा बाय चारच्या फरशीला चोवीस पुरणार नाहीत, पंचवीस लागतील." एका टाइलसाठी अख्खी सकाळ गेली. घरी आल्यावर मिस्त्रीने कापताना तीन फोडल्या.

सुतार रमेश आला, तो इंच आणि सुतात बोलणारा. "बाबा, चौकट आतून पावणेसत्तावीस इंच ठेवतो."

"म्हणजे सहाशे एकोणऐंशी पॉइंट चार पाच. मी सहाशे ऐंशी सांगितलेत."

"अर्ध्या मिलिमीटरसाठी काय भांडताय? आमच्यात सुताखाली माप नसतं."

"सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीन पॉइंट एक सात पाच. एवढ्यात मशीन खलास होतं."

"बाबा, हे मशीन नाय. बाथरूमचं दार हाय!"

रमेश चौकट खांद्यावर टाकून निघून गेला. मी फोनवर त्याच्या हातापाया पडले आणि मग बाबांवर भडकले. "आई परवा येणार आहेत. बाथरूमला दार नाही!"

"म्हणून तर मोजतोय ना!" तेही ओरडले. "खुर्ची सहाशे पस्तीस, दार सहाशे ऐंशी. पंचेचाळीस मिलिमीटर मोकळे राहिलेच पाहिजेत. तिला कुठे लागता कामा नये." त्यांचा आवाज चिरकला. माझा राग मात्र गेला नाही.

आई आल्या, तोपर्यंत दार कसंबसं बसलं होतं. बाबांनी स्वतः खुर्ची ढकलली. ती बरोबर आत गेली आणि त्याच वेळी आई कळवळल्या. त्यांचा एकच चालणारा हात चाकावर होता. तो चौकट आणि चाकाच्या मध्ये सापडून बोटांची पेरं सोलवटली होती. आईंनी बाबांकडे पाहिलं. एकेक शब्द ओढून काढत म्हणाल्या, "माजा हात... नाय मोजलात."

बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. आईंच्या बोटांना मलम लावत बसून राहिले.

सकाळी त्यांनी रमेशला परत बोलावलं. "चौकट काढा."

रमेशने कपाळावर हात मारला. भिंत फोडली आणि विचारलं, "आता किती ठेवू?"

बाबांनी आईंना खुर्चीत बसवून भिंतीच्या भगदाडात आणलं. त्यांचा हात चाकावर ठेवला आणि पेन्सिलीने भिंतीवर रेघ मारली. "इथून पुढे चार बोटं."

"चार बोटं म्हणजे किती?"

"चार बोटं म्हणजे चार बोटं!" बाबा खेकसले. रमेशने माझ्याकडे बघितलं. शेवटी टेप मीच लावली.

बाबांना जाऊन आता वर्ष होईल. ते दार इतकं रुंद झालंय, की उघडं असलं की फ्रिज उघडत नाही. दूध काढायचं तर आधी बाथरूम बंद करा. मी रोज वैतागते. परवा संदीप म्हणाला, "लहान करून घेऊया का?"

आई आता बऱ्यापैकी स्पष्ट बोलतात. "हात तर लावून बघ त्याला," त्या म्हणाल्या, आणि एका हाताने चाक फिरवत, एका पायाने खुर्ची रेटत आत गेल्या.